घड्याळ नशिराबादचं, नाव कोलकात्याचं

जळगावजवळच्या नशिराबादला बसून कुणी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला घेतलं, की मध्येच एक प्रश्न येतो: तुमची वेळ कुठली? यादी उघडायची, ‘आशिया’त शिरायचं आणि आपलं गाव शोधायचं. जळगाव नसतं. भुसावळ, धुळे, नाशिक नसतं. मुंबईसुद्धा नसते! १४० कोटींच्या देशापुढे एकच गाव लिहिलेलं असतं, कोलकाता. आपण मुकाट्याने त्यावर बोट ठेवतो आणि पुढे जातो.

पण जरा थांबा. हे नाव तिथे कुणी लिहिलं आणि का? आणि नशिराबादचाच एखादा पोरगा मराठी पडद्यावर ‘दोन तासांपूर्वी’ असं वाचतो, तेव्हा ते ‘तासांपूर्वी’ कोण जुळवतं? प्रश्न दिसतात किरकोळ. माग काढत गेलं तर वाटेत गिरणी कामगारांचा दंगा लागतो, ज्योतिषांच्या ॲटलासवरून झालेला खटला लागतो, आणि आपल्या खानदेशातला एक आठशे वर्षांपूर्वीचा शिलालेखही लागतो.

आधी सूर्याचं बघू. जुन्या गॅझेटियरमध्ये नशिराबादचे रेखांश ७५ अंश ४० कला पूर्व दिलेत. भारताची प्रमाणवेळ घेतली आहे ८२ अंश ३० कलांवरून, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. दोन्ही रेषांतलं अंतर ६ अंश ५० कला, म्हणजे २७ मिनिटं २० सेकंद. मनगटावर बारा वाजले तरी नशिराबादचा सूर्य अजून मध्यावर यायचाच असतो. सरासरीने तो येतो १२ वाजून २७ मिनिटांनी. सरासरी अशासाठी म्हटलं, की सूर्यही वेळेचा पक्का नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १२:११ लाच मध्यावर असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२:४१ पर्यंत रेंगाळतो. पडताळायचं असेल तर २५ मेच्या आसपास, जळगावचं ऊन सोसायची तयारी ठेवून, अंगणात एक काठी सरळ उभी रोवा. साधारण १२:२४ ला तिची सावली बुंध्याशी गोळा होऊन दिसेनाशी होईल. नशिराबादचे खरे बारा ते!

आणि कोलकात्याचा सूर्य? तो आपल्या सूर्याच्या तब्बल ५१ मिनिटं पुढे आहे.

मग कॉम्प्युटर यातला कुणाचा सूर्य धरतो? कुणाचाच नाही. त्याच्या पोटात ना सकाळ असते ना सोमवार. असतो फक्त एक आकडा: १ जानेवारी १९७० ला ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. त्या क्षणी नशिराबादला गुरुवारची पहाट होती, साडेपाच वाजले होते. तेव्हापासून पावणेदोनशे कोटी सेकंद उलटून गेलेत. हायवेवरचा किलोमीटरचा दगड फक्त अंतर सांगतो, गाव कुठलं आलं ते तुमचं तुम्ही ओळखायचं. हा आकडा तसाच. मुंबई, न्यू जर्सी, टोकियो, सगळीकडे एका क्षणी एकच आकडा. भांडणाला जागाच नाही. काय साधी, काय देखणी कल्पना!

देखणी आहे, पण नवी नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरापाशी पाटण गाव आहे. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा अभ्यास चालावा म्हणून तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती जगापुढे आणली. या भास्कराचार्यांनी वयाच्या ६९ व्या वर्षी ‘करणकुतूहल’ नावाचं एक छोटं, कामापुरतं पुस्तक लिहिलं. ग्रह आज कुठे आहेत हे काढायचं तर त्यात पहिली पायरी काय? एक ठरावीक दिवस शून्य धरायचा आणि तिथून आजवर किती दिवस झाले ते मोजायचं. महिने नकोत, तिथी नकोत, अधिक मास नकोत, नुसते दिवस. याला म्हणतात अहर्गण. एकदा तो आकडा हाती आला की पुढे निव्वळ गुणाकार-भागाकार. कॉम्प्युटर सेकंद मोजतो, भास्कराचार्य दिवस मोजतात. एवढाच काय तो फरक.

त्यांचा शून्य दिवस होता २४ फेब्रुवारी ११८३. वार? गुरुवार! कॉम्प्युटरचा १ जानेवारी १९७० हाही गुरुवारच. दोन्ही शून्यांमध्ये २,८७,३८५ दिवस आहेत, म्हणजे बरोबर ४१,०५५ आठवडे, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. योगायोग आहे, त्याचा अर्थ काढायचा नाही. पण गणित बरोबर आल्यावर मी जागेवरून उठून दोन फेऱ्या मारल्या, हे खरं.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. दिवस मोजायचे, पण दिवस उगवतो तो कुठल्या गावी? गावोगाव सूर्योदय वेगळा. म्हणून भारतीय ज्योतिर्विदांनी एक मध्यरेषा ठरवली होती, लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी. इंग्रजांनी ग्रीनिचवरून शून्य रेषा ओढली, त्याच्या कितीतरी शतकं आधीची ही आपली शून्य रेषा. आता नकाशा घ्या आणि उज्जैनवरून बोट सरळ खाली आणा. सातपुडा ओलांडा, तापी ओलांडा. बोट कुठे टेकलं? भुसावळच्या आसपास! नशिराबाद त्याच्या अगदी पश्चिमेला, दहा-पंधरा किलोमीटरवर. उज्जैनच्या आणि नशिराबादच्या सूर्यात फरक फक्त अर्ध्या मिनिटाचा. जुन्या गणितात प्रत्येक गावासाठी एक दुरुस्ती करावी लागे, तिला देशांतर म्हणत. नशिराबादसाठी ती जवळजवळ शून्य. एके काळी ज्या गावावरून, दहा-पंधरा किलोमीटर इकडे-तिकडे, काळाची मुख्य रेषा जात होती, ते गाव आज कोलकात्याच्या नावाने वेळ सांगतं.

असो. सेकंदांचा आकडा झाला, पण माणसाला आकडा नको असतो. त्याला तारीख हवी, वार हवा, ‘उद्या सकाळी’ हवं. आकड्यातून तारीख काढायची आणि तारखेवरून आकडा, एवढंच तर काम! प्रत्येक नवशिक्या प्रोग्रामरला वाटतं, हे तर दुपारभरात लिहून होईल. जुने प्रोग्रामर त्याला हसतात आणि सांगतात, बाबा रे, लायब्ररी वापर. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्रामचा भाग. तो आपल्या कामाला जोडून घ्यायचा. ओपन सोर्स असेल तर तो उघडून वाचता येतो, त्यात दुरुस्ती सुचवता येते, आणि दाम काही लागत नाही. तारखांसाठी अशा अनेक लायब्ररी आहेत. जावा भाषेसाठी स्टीफन कोलबोर्न यांची जोडा-टाइम आली. वेबसाइटच्या जगात वर्षानुवर्षं राज्य केलं ते मोमेंट डॉट जेएस या लायब्ररीने. २०११ मध्ये टिम वुड यांनी ती सुरू केली.

तिची गरज का पडली, हा किस्सा ऐकण्यासारखा आहे. वेबसाइट चालतात जावास्क्रिप्ट या भाषेवर. १९९५ मध्ये ब्रेंडन आईक यांनी तिचा पहिला सांगाडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. एवढ्या घाईत तारखांचा विचार कोण करणार? त्यांनी जावा भाषेतली तारखांची सोय उचलून तशीच आणून ठेवली. पुढे दोनच वर्षांत जावावाल्यांनी स्वतःच्या त्या सोयीतल्या बऱ्याच भागावर ‘हे वापरू नका’ असा शिक्का मारला. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ती मुक्कामाला राहिली. तिच्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी ०, फेब्रुवारी १. म्हणजे महाराष्ट्र दिन लिहायचा तर १ तारीख आणि महिना ४! सवयीने ५ लिहिलंत की महाराष्ट्र दिन गेला १ जूनला. दिवस मात्र एकपासूनच मोजायचे बरं का, ते शून्यापासून नाहीत.

आता पतसंस्थेचा हप्ता घ्या. ३१ जानेवारीला कर्ज घेतलं, हप्ता दर महिन्याने. पहिला हप्ता कधी? ३१ फेब्रुवारीला? जुन्या जावास्क्रिप्टला ३१ फेब्रुवारी सांगितलं तर ती हसत नाही की चिडत नाही, पुढे मोजत जाते आणि साध्या वर्षी ३ मार्च म्हणून मोकळी होते. मोमेंट शहाणी. ती २८ फेब्रुवारीला थांबते. पण त्या २८ फेब्रुवारीत आणखी एक महिना मिळवा: २८ मार्च. आणि मूळ ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवा: ३१ मार्च! दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. एक अधिक एक म्हणजे दोन हे महिन्यांना लागूच पडत नाही. चूक लायब्ररीची नाही. महिना हे मापच कधी २८ दिवसांचं तर कधी ३१ दिवसांचं. कापडाच्या दुकानात असा मीटर कुणी खपवून घेतला असता का?

मोमेंटचीही एक खोड होती. तारखेत महिना मिळवला की मूळ तारीखच बदलून जायची. कर्ज कधी घेतलं होतं, हे विचारायला जावं तर तिथेही हप्त्याची तारीख. यात भले भले प्रोग्रामर फसले. सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंट सांभाळणाऱ्या मंडळींनी स्वतःच जाहीर केलं, की आता यात नवं काही येणार नाही, नव्या कामाला दुसरी लायब्ररी घ्या. चालत्या दुकानावर मालकानेच अशी पाटी लावायला धाडस लागतं.

आकड्यावरून तारीख काढण्याची आतली युक्ती मात्र दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुठीच्या हाडांवर महिने मोजायला आपण शाळेत शिकलो: उंचवट्यावर ३१, खळग्यात ३०. कॉम्प्युटरला मूठ नाही, त्याला सूत्र लागतं. आणि सूत्र बांधायला बसलं की आडवा येतो फेब्रुवारी. कधी २८, कधी २९, आणि तोही नेमका वर्षाच्या तोंडाशी. मग काय करायचं? वर्ष मार्चपासून सुरू होतं असं समजायचं! फेब्रुवारी गेला शेवटी, लीप वर्षाचा जादा दिवस वर्षाच्या शेपटाला लागला, आता तो मध्ये कुणाला त्रास देत नाही. उरलेल्या महिन्यांकडे बघा. मार्च ते जुलै: ३१, ३०, ३१, ३०, ३१, बेरीज १५३. ऑगस्ट ते डिसेंबर: ३१, ३०, ३१, ३०, ३१. पुन्हा १५३! मार्चला ० नंबर द्या, एप्रिलला १, मेला २. नंबराला १५३ ने गुणा, त्यात २ मिळवा, ५ ने भागा आणि बाकी सोडून द्या. मार्च: ०. एप्रिल: ३१. मे: ६१. जून: ९२. तो महिना लागण्याआधी वर्षाचे किती दिवस गेले ते अचूक! ना यादी, ना तक्ता, एक गुणाकार आणि एक भागाकार. प्राचीन रोममध्ये वर्ष मार्चपासूनच सुरू व्हायचं. म्हणजे प्रोग्रामरांनी सोयीसाठी जे ढोंग केलं, ते एके काळचं सत्य होतं. आणि या कॅलेंडरची ४०० वर्षं म्हणजे १,४६,०९७ दिवस. त्याला सातने नेमका भाग जातो. म्हणून दर ४०० वर्षांनी वारांसकट अख्खं कॅलेंडर पुन्हा तेच.

तारीख मिळाली. पण कुठल्या गावची? इथे लायब्ररी गणित बाजूला ठेवते आणि इतिहासाकडे वळते, कारण घड्याळात किती वाजले हे आकाश ठरवत नाही, सरकार ठरवतं. जगभरच्या सरकारांनी घड्याळं कधी पुढे-मागे केली, याची एक मोठी नोंदवही आहे, टीझेड डेटाबेस. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली. पुढे पॉल एगर्ट ती सांभाळू लागले. तुमच्या फोनमध्ये, बँकेच्या सर्व्हरमध्ये, रेल्वेच्या बुकिंगमध्ये, बहुतेक सगळीकडे तीच. कुणाच्या मालकीची नाही, फुकट आहे.

कोलकात्याचं कोडं इथे सुटतं. नोंदवहीचा नियम असा: १९७० पासून ज्या भागातली घड्याळं एकसारखी चालली, त्या भागाला एकच नाव, आणि सहसा तिथल्या सर्वांत मोठ्या शहराचं. राजधानी कुठली, हा प्रश्नच नाही. राजधान्या बदलतात, देशही बदलतात. त्या काळी भारतातलं सर्वांत मोठं शहर कलकत्ता. झालं! शहराचं नाव २००१ मध्ये कोलकाता झालं, नोंदवहीत ते २००८ मध्ये बदललं. जुनं ‘कलकत्ता’ तरीही काढलं नाही. जगातल्या कुठल्या तरी जुन्या मशीनमध्ये ते अजून लिहिलेलं असेल, ते बंद पडायला नको म्हणून.

नोंदवहीतल्या भारताच्या ओळी वाचायला घेतल्या तर डोळे विस्फारतात. पहिली ओळ कलकत्त्याच्या स्वतःच्या सूर्याची, ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद पुढे. मग १८५४ पासून हावड्याची वेळ, ८ सेकंदांनी कमी. मग १८७० पासून मद्रासची, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद, कारण रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागली होती. नशिराबादजवळच्या भादली स्टेशनात १८९० च्या सुमाराला उभं राहून बघा. गाडी मद्रासच्या घड्याळाने येते. गावाचा सूर्य तिच्यापेक्षा साडेअठरा मिनिटं मागे. आणि मुंबईचं घड्याळ गावापेक्षाही आणखी अकरा-बारा मिनिटं मागे. एक माणूस, एक फलाट, तीन वेळा!

१ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली. नोंदवहीप्रमाणे त्या मध्यरात्री घड्याळ ८ मिनिटं ५० सेकंद पुढे सरकलं. १ जानेवारी १९०६ च्या रात्री १२ वाजून ५ मिनिटं झाली तेव्हा काय, असं लायब्ररीला विचारा. तिच्या लेखी ती वेळ आलीच नाही. मुंबईला मात्र उडी ३९ मिनिटांची होती आणि तिथे भडका उडाला. गिरणीचा भोंगा घड्याळावर वाजणार, पण झोप सूर्यावरची. ३९ मिनिटं आधी उठायचं कुणी? त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगार दंग्यावर उतरले. मुंबईने स्वतःची वेळ पुढे जवळजवळ अर्धशतक सोडली नाही. शहरात एका इमारतीवर एक वेळ, समोरच्या इमारतीवर दुसरी. आणि गंमत बघा, हा दंगा त्या नोंदवहीच्या मूळ फाइलमध्ये टीप म्हणून लिहून ठेवलेला आहे. न्यूयॉर्कचा किंवा नैरोबीचा एखादा प्रोग्रामर ती फाइल उघडतो, तेव्हा परळच्या गिरण्या त्याच्यासमोर असतात. मुंबईच्या नावाची स्वतंत्र ओळ मात्र नाही, कारण १९७० नंतर मुंबई सगळ्यांच्या बरोबर आहे.

मग युद्ध. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास. घरोघरच्या आजी-आजोबांच्या जन्मवेळा आठवा. १९४३ सालचा ‘सकाळी सहाचा’ जन्म आजच्या हिशोबाने पाचचा! ज्योतिषावर विश्वास असो-नसो, पत्रिकेच्या गणितात ही चूक भयंकर मोठी आहे, कारण आकाश चार मिनिटांत एक अंश फिरतं. मुंबईच्या ३९ मिनिटांनीच ते दहा अंश सरकतं, तासाने पंधरा.

म्हणूनच जुन्या वेळांची सगळ्यात कसून चौकशी कुणी केली असेल? खगोलवाल्यांनी नव्हे, ज्योतिषवाल्यांनी. अमेरिकेतल्या ज्योतिषांसाठी थॉमस शँक्स यांनी देशोदेशींच्या जुन्या वेळांचे ॲटलास तयार केले होते, आणि नोंदवहीवाल्यांनी त्यांचा आधार घेतला होता. ३० सप्टेंबर २०११ ला ॲस्ट्रोलेब या ज्योतिष-सॉफ्टवेअरच्या कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला: ॲटलासचे हक्क आमचे आहेत. जगभरच्या कॉम्प्युटरांची वेळ ज्या फाइलवर चालते, ती काही दिवस इंटरनेटवरून गायब! ऑक्टोबरमध्ये इंटरनेटचे पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने तिला आपल्या छत्राखाली घेतलं. अमुक साली अमुक गावी किती वाजले होते, या वस्तुस्थितीवर कुणाची मालकी कशी असेल? फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दिलगिरी व्यक्त करून खटला मागे घेतला.

ही नोंदवही वर्षातून अनेकदा बदलते, कारण सरकारं लहरी असतात. सामोआ देशाने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा शुक्रवार पूर्णच गाळला. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळं पुढे करण्याचा दिवस ऐनवेळी पुढे ढकलला. नोंदवहीची नवी आवृत्ती निघाली. देशात निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. चार दिवसांत सरकारने शब्द फिरवला, आणि आधीची दुरुस्ती पुसणारी आणखी एक आवृत्ती निघाली. जुने ज्योतिर्विद ग्रंथातलं गणित आकाशाशी जुळेनासं झालं की त्यात बीजसंस्कार करत. इथे आकाश शिस्तीत आहे, दुरुस्ती मंत्रालयांची करावी लागते.

आता राहिलं ते ‘दोन तासांपूर्वी’. मोमेंटमध्ये जगातल्या भाषांसाठी एकेक छोटी फाइल आहे, आणि मराठीचीही आहे, मराठी माणसांनी हौसेने लिहिलेली. इंग्रजीत ‘तास’ आणि ‘पूर्वी’ यांचे शब्द शेजारी-शेजारी ठेवले की काम संपतं. मराठीत तसं करून बघा: ‘एक तासपूर्वी’. कानाला खडा लागतो ना? आपल्याला हवं ‘एका तासापूर्वी’. ‘एक’चं ‘एका’, ‘तास’चं ‘तासा’, ‘महिना’चं ‘महिन्या’. शाळेत ज्याने रडवलं ते सामान्यरूप! म्हणून त्या फाइलमध्ये प्रत्येक मापाची दोन-दोन रूपं आहेत: एकट्याने उभं राहायचं असेल तर ‘एक महिना’, मागे प्रत्यय लागणार असेल तर ‘एका महिन्या’. प्रोग्राम आधी बघतो, पुढे ‘पूर्वी’ येणार आहे का, आणि मग रूप निवडतो. वर आकडे देवनागरीत फिरवतो. काल, आज, उद्या हेही तिथेच.

थोडी कुरकुर करायला जागा आहे, करतो. तासाभराने होणाऱ्या गोष्टीला ती फाइल ‘एका तासामध्ये’ म्हणते. नशिराबादचं सोडाच, पुण्यातही कुणी असं बोलत नाही, ‘तासाभराने’ म्हणतात. शिवाय तिथे दिवसाचे पाच भाग केलेत: पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री. मध्यरात्रीपासून सहापर्यंत सरसकट ‘पहाटे’. त्यामुळे रात्रीचे साडेबारा तिच्या मराठीत होतात ‘पहाटे १२:३०’. नाटकाचा दुसरा प्रयोग संपवून घरी येणाऱ्याला ही पहाट सांगून बघा! पण कॉम्प्युटरच्या बाजूने सोय कळते. ‘पहाटे’, ‘सकाळी’ असेल तर दुपारच्या आधीचं, बाकी तिन्ही नंतरचं. उलट वाचताना गोंधळ नाही. आपण ‘रात्री बारा’ म्हणतो तेव्हा ते आजचे की उद्याचे, हे आपल्याला तरी कुठे नक्की ठाऊक असतं?

शेवटी त्या सेकंदांच्या आकड्याचं काय होणार, तेही सांगून टाकतो. जुन्या कॉम्प्युटरांत तो ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, मावतो आणि कमाल २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत जातो. ती हद्द येईल १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी. नशिराबादला तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले असतील. पुढच्या सेकंदाला अशा जुन्या मशीनमध्ये आकडा उलटून उणे होईल आणि तारीख डिसेंबर १९०१ ला जाऊन आदळेल. लायब्ररी इतकी प्रामाणिक, की ती तिथेही कोलकात्याची ओळ उघडून बघेल. १९०१ मध्ये प्रमाणवेळ नव्हती, म्हणून सांगेल मद्रासची वेळ: १४ डिसेंबर १९०१, पहाटे २ वाजून ७ मिनिटं २ सेकंद.

आकडा हाताबाहेर वाढतो ही तक्रारही जुनी. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिलं, आणि त्यावरून महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं निघाली. त्यांनी अहर्गण वाढूच दिला नाही: दर ४०१६ दिवसांचं, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचं, एक चक्र करायचं, किती चक्रं झाली ते बाजूला टिपायचं, आणि गणित उरलेल्या लहान आकड्यावर करायचं. आजच्या प्रोग्रामरांनी उलट केलं. त्यांनी ३२ बिटांच्या जागी ६४ बिट घेतले. बिट दुप्पट, पण मावणारी वर्षं? सुमारे २९,२०० कोटी! भास्कराचार्यांनी छोट्या ‘करणकुतूहला’त शून्य जवळचा धरला होता; ‘सिद्धान्तशिरोमणी’त मात्र ते थेट कल्पाच्या आरंभापासून दिवस मोजतात. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा, त्यात दिवस १५,७७,९१,६४,५०,०००. त्या ६४ बिटांत असे सदुसष्ट कल्प बसतात, आणि वर अर्ध्याहून अधिक कल्पाची जागा उरते.